पूर्ण नाव टाका

रविवारी सकाळी साडेनऊला मी स्वयंपाकघराचं दार लोटलं, खुर्ची भिंतीपासून हातभर पुढे ओढली, हेडसेट डोळ्यांवर चढवला, मागचा पट्टा आवळला आणि समोर खोली यायच्या ऐवजी एक पांढरी पाटी आली. येत्या एक तारखेपासून हे यंत्र वापरायचं असेल तर कंपनीच्या समाजमाध्यमावर तुमचं खातं असणं आवश्यक आहे, असं पाटीवर लिहिलं होतं. खाली एक रिकामी ओळ होती, तिच्यात लिहिलेलं, ‘पूर्ण नाव टाका’. त्याखाली दोन चौकोन, एक ‘पुढे’ आणि दुसरा ‘नंतर’. मी ‘नंतर’ दाबलं. पाटी गेली, खोली आली, सात खुर्च्या आणि खिडकीबाहेरचं ते कधीही न हलणारं तळं सगळं जागच्या जागी होतं, पण माझ्या छातीत काहीतरी खट्‌ झालं होतं आणि ते तसंच राहिलं. रोजच्या रस्त्यावर एखाद्या दिवशी पायरी नसलेल्या जागी पाय पडावा आणि पडता पडता सावरावं, तसं. माणूस सावरतो, पुढे चालतो, पण पाय घरी पोचेपर्यंत जपून पडतात.

हा हेडसेट भाच्याचा. ताईच्या मुलाने नवा घेतला तेव्हा जुना माझ्याकडे आणून टाकला, म्हणाला, मावशी, घरबसल्या डोंगर बघ. डोंगर मी दोनदा बघितले. मग शोधता शोधता ही खोली सापडली. अडखळत बोलणाऱ्या माणसांनी दर रविवारी तिथे जमायचं, प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. नियम दोनच. दुसऱ्याचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही, आणि कुणी कुणाला नाव विचारायचं नाही. तिथे आम्ही सगळे रंगीत बाहुल्यांसारखे दिसायचो, चेहरा म्हणजे दोन डोळे आणि एक रेघ. मी पहिले दोन महिने कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून नुसती ऐकत होते म्हणून मला ‘कोपरा’ म्हणायला लागले. एक बाई अडखळायच्या भीतीने शब्द एकावर एक फेकत सुटायची, ती भिंगरी. आणि एक होता माळी, कुठल्यातरी सार्वजनिक बागेत कामाला असलेला. तो एकदा म्हणाला होता की झाडांशी बोलताना त्याला काहीच होत नाही, कारण झाडं मध्ये बोलत नाहीत. दीड वर्ष झालं होतं. तिसऱ्या महिन्यात मी तिथे पहिलं वाक्य बोलले, सहाव्या महिन्यात पाच मिनिटं पुरेनाशी झाली. बाहेर मी होते तशीच होते, म्हणजे अगदीच तशी नाही. दुकानात बोटाने वस्तू दाखवायच्या ऐवजी कधी कधी शब्द वापरून बघत होते. हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंही वाटलं नव्हतं. स्वतःच्या अंगणात कुणी चालायला शिकत असेल तर त्याची दवंडी कशाला.

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहे. एकोणीस वर्षं. बाटल्या येतात, मी तपासते, अहवाल लिहिते. ही नोकरी मी निवडली ती पाण्याच्या प्रेमापायी नव्हे, तर तिथे लिहायचं असतं म्हणून. माझं सगळं घर माझ्या वतीने बोलतं, त्यातही ताई जास्त. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी माझं नाव विचारलं तेव्हा माझं ततपप झालं. दुसरा कुठलाही शब्द अडला तर मी वळसा घालून त्याच अर्थाचा दुसरा शब्द घेते, ही युक्ती मला फार लहानपणी सापडली. नावाला मात्र दुसरा शब्द नसतो. पोरं हसायला लागली, बाईंनी शेजारच्या वर्गातून ताईला बोलावून घेतलं आणि ताईने येऊन माझं नाव खणखणीत सांगितलं. मला त्या क्षणी तिचा इतका आधार वाटला की मी तिच्या फ्रॉकचं टोक धरून रडले. त्यानंतर डॉक्टरकडे, दुकानात, बँकेत, नोकरीच्या मुलाखतीच्या दारापर्यंत ताईच होती. मी तोंड उघडलं की ती वाक्य हातात घ्यायची. बऱ्याचदा ते माझंच वाक्य असायचं. कधी कधी नसायचं, पण तोवर ते बोलून झालेलं असायचं आणि मग माझ्याही डोक्यातून माझं वाक्य निघून जायचं.

भाचा बुधवारी आला. मी त्याला पाटीचं सांगितलं, म्हणजे फोनवर लिहून दाखवलं. तो म्हणाला, “हो, आता सगळ्यांना करावंच लागणार. त्यात काय एवढं?”

मी लिहिलं, मला नाव द्यायचं नाही.

“मग खोटं दे. मी देतो करून.” त्याने कुठलंसं नाव टाकलं, एका झाडाचा फोटो लावला, आणि दोन मिनिटांत माझं खातं झालं. जाताना दारात म्हणाला, “मावशी, एवढी काळजी नको करू. कुणाला वेळ आहे तुझ्याकडे बघत बसायला?” त्याने ते मायेनेच म्हटलं होतं आणि ते खरंही असेल. लोकांनी बघावं म्हणून मी कधी जगले नव्हते. न बघितलं जाण्याची मात्र मला चांगली सवय होती, आणि ती सवय आपली आपण लावून घेतलेली असली की घरासारखी होते.

शनिवारी खातं बंद पडलं. तुम्ही दिलेलं नाव खरं वाटत नाही, ओळखपत्राचा फोटो पाठवा, चेहरा समोरून, डावीकडून, उजवीकडून दाखवा. ‘नंतर’ हा चौकोन आता नव्हता; एकदा खातं जोडलं की तो परत येत नाही, हे भाच्यालाही माहीत नव्हतं. म्हणजे दुसऱ्या दिवशीची खोली हवी असेल तर नाव देणं भाग होतं. मी अर्धा तास ओळखपत्र हातात धरून बसले. प्रयोगशाळेच्या वार्षिक बैठकीला अकरा दिवस उरले होते. त्या बैठकीत पाच विभागांसमोर आमच्या विभागाचा अहवाल मी वाचणार होते. दोन महिन्यांपूर्वी मीच तसा अर्ज केला होता, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. चार मिनिटांचा मजकूर. खोलीत मी तो सहा वेळा बोलून दाखवला होता. मी डावीकडे वळले, उजवीकडे वळले, यंत्राने हिरवी खूण दाखवली.

दुसऱ्या दिवशी खोलीत माझ्या डोक्यावर माझं नाव होतं. मला ते दिसत नव्हतं, आपलं डोकं आपल्याला दिसत नाही. पण भिंगरीच्या डोक्यावर तिचं होतं, पूर्ण, आडनावासकट, शेजारी तिचा हसरा फोटो, आणि त्यावरून माझंही असणार हे कळलं. चार खुर्च्या रिकाम्या होत्या. माळी आला होता. त्याने अजून ‘नंतर’ दाबलेलं होतं, म्हणून त्याच्यावर काही नव्हतं. माझी पाळी आली. मी अहवालाचं पहिलं वाक्य सुरू केलं आणि पहिल्याच शब्दाला जीभ टाळूला चिकटली. खोलीत असं कधी झालं नव्हतं, म्हणजे अडखळायची मी, पण बंद पडायची नाही. दोघं थांबली, नियमाप्रमाणे. माझ्या मानेमागे घाम आला, हेडसेटचा स्पंज ओला झाला. मला सारखं वाटत होतं की वर कुणीतरी पाटी धरून उभं आहे. मी म्हटलं, “आज नको.” तेवढं सरळ निघालं.

मंगळवारी संध्याकाळी ताई न कळवता आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, “कुठाय तो डबा?”

मी हेडसेट ठेवलेल्या कपाटाकडे बघितलं. ती बसली नाही. तिने पर्समधून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. त्यावर माझं नाव, ओळखपत्रावरचा तो चोरासारखा चेहरा, आणि खाली एक ओळ: तुमच्या ओळखीची ही व्यक्ती आता इथे आहे. तिने अलीकडे भेट दिलेली जागा — ‘अडखळत बोलणाऱ्यांचं मोकळं बोलणं’. कुठल्याशा काकूंनी त्यावर जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं होतं. ताईच्या नवऱ्याला ते दिसलं होतं, भाच्याला दिसलं होतं, आमच्या जुन्या शेजाऱ्यांना दिसलं होतं. माझा फोन नंबर ज्यांच्या ज्यांच्याकडे होता त्या सगळ्यांना यंत्राने आपण होऊन कळवलं होतं. हे कळवणं चालू-बंद करायची कळ होती. मी नंतर शोधली तेव्हा सापडली, अकरा पानं आत, आणि ती आधीपासून चालू होती.

“दीड वर्ष,” ताई म्हणाली. “भाचा तुझा सांगत होता, दीड वर्षापूर्वी दिला तुला. दीड वर्ष तू परक्या माणसांशी बोलतेयस. आणि मी समजत होते की तुला बोलायचंच नसतं.”

“तसं न—”

“नाही, मला एवढंच सांग, मी हसले असते का तुला? आजवर कुणी हसलं तर कुणी फाडून खाल्लं त्याला? मीच ना?”

“तू म...” मी म्हटलं, आणि अडकले.

“मदत केली असती, हो, केलीच असती, त्यात काय—”

मी हात वर केला. का केला माहीत नाही, रस्त्यात गाडी थांबवायला करतात तसा. ताई गप्प झाली. तिचे ओठ अर्धे उघडे होते, पुढचा शब्द त्यांच्यावर तयार होता, तो मला दिसत होता, चुकीचा होता. फ्रिज घरघरत होता. मी ‘म’वर उभी होते आणि तो म हलत नव्हता आणि मी वळसा घेतला नाही, दुसरा शब्द शोधला नाही. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. बहुधा मला तसं बघून. किती वेळ गेला सांगता येत नाही.

“मध्येच बोलतेस,” मी म्हटलं. “तू मध्येच बोलतेस, ताई.”

ती खुर्चीवर बसली. म्हणाली, “तुला तसं उभं राहिलेलं बघवायचं नाही गं मला. पहिल्या दिवसापासून. वाटायचं, काहीतरी बोलून टाकावं आणि संपवावं.” मी चहा केला. दोघी प्यायलो. जाताना तिने दोन्ही कप विसळून पालथे घातले, आणि मला काही तरी विचारून उत्तराची वाट बघत दारात उभी राहिली. प्रश्न साधा होता, रविवारी जेवायला येशील का. मी येते म्हणाले, दोन दमांत. तिने खाली बघत ऐकून घेतलं.

ऑफिसातही पोचलं होतं. गुरुवारी विभागाच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मॅडम चांगल्या आहेत. म्हणाल्या, “अहो, आधी सांगायचं नाही का? मला वाटायचं तुम्ही स्वभावानेच अबोल. उगीच अर्ज मंजूर केला, तुमच्यावर ताण आला असेल. अहवाल ती नवीन मुलगी वाचेल. तुम्ही तिच्या शेजारी बसा फक्त.”

इतकी वर्षं मी अडखळते हे त्यांना ठाऊक नव्हतं, मी कमी बोलते एवढंच ठाऊक होतं. त्यातला फरक मी हाताने बांधला होता, वीट वीट करून. एका ओळीत तो गेला. चीड मला त्याची नव्हती. दोन महिन्यांपूर्वी मी अर्ज केला तेव्हा मी एक कमी बोलणारी कर्मचारी होते जी आता बोलू बघते. आता मी जिच्यावर ताण येऊ नये अशी बाई झाले होते. मॅडमच्या टेबलावर चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठ्या होत्या. एकीवर मी लिहिलं, अहवाल मीच वाचणार. मग वाटलं, चिठ्ठी देऊन ही गोष्ट होणार नाही. ती चुरगळून मुठीत धरली आणि तेच बोलून दाखवलं. मॅडमनी पेपरवेट फिरवत ऐकलं. “बरं,” म्हणाल्या.

शुक्रवारी मी खातं बंद करायला बसले. बंद करताना कंपनी विचारते की तुमची माहिती उतरवून घ्यायची आहे का. मी हो म्हटलं. मला वाटलं होतं, नाव, नंबर, फोटो येईल. आली ती एक लांबलचक फाइल, तक्त्यांची. तक्ते मला वाचता येतात, आयुष्य त्यात गेलंय. प्रत्येक रविवारची एक ओळ: किती वाजता बसले, मान किती वळली, डोळे कुठे होते, कुणाच्या बाहुलीकडे किती सेकंद बघितलं, बोलण्याआधी किती वेळ शांतता होती. सगळ्यांत मोठी शांतता एकोणीस सेकंदांची, तारीख त्या नावाच्या रविवारची. अडकायच्या आधी मी दर वेळी डावीकडे खाली बघते, हे मला त्या तक्त्यातून कळलं. मला स्वतःला, माझ्या ताईला, कुणालाच माहीत नव्हतं. शेवटच्या रकान्यात ‘अंदाज’ होता. वय पंचेचाळीस ते चोपन्न. एकटी राहणारी. संकोची. शक्य असलेल्या जाहिराती: मनःस्वास्थ्य, श्रवणयंत्रं, एकट्या माणसांसाठी सहली. चुकीचं त्यात श्रवणयंत्र तेवढं होतं. आमच्याकडे कुणाच्या नळाचा नमुना घ्यायचा असेल तर आधी फॉर्म भरून मालकाची सही घेतात, आणि अहवाल त्यालाच देतात. मी ती फाइल दोनदा वाचली. मग कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं, मुद्देसूद, मला लिहिता येतं. तासाभरात उत्तर आलं की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. खातं पुसायला तीस दिवस लागतील, तोवर विचार बदलला तर परत या, आणि पुसल्यावर या यंत्रावर काहीही चालणार नाही. मी विचार केला, खातं आणखी एक रविवार ठेवू, मग पुसू. एक तारीख सोमवारी होती.

त्या रविवारी आम्ही तिघंच होतो. भिंगरी म्हणाली की ती राहणार आहे. तिच्या कॉलेजात सगळ्यांना माहीतच आहे, लपवायचं काय, आणि आपण लपतो म्हणून लोक हसतात असं तिला वाटतं. ती चुकीचं बोलत होती असं मला वाटलं नाही. तिला नाव जड नव्हतं, एवढंच. माळी म्हणाला, “बागेत पोरं माझी नक्कल करतात. करू देत. ती बा... बागेपुरती आहे. संध्याकाळी फाटक लावलं की संपली. नाव दिलं की ती माझ्या घरी येईल, माझी मुलगी फोन उघडेल तिथे येईल.” मग म्हणाला, “मी उद्यापासून नाही.”

मी म्हटलं, मीही नाही. तळं हललं नाही.

“फोन करत जाऊ,” माळी म्हणाला.

भिंगरी हसली, मग मीही. फोनसारखा दुसरा वैरी नाही आमच्या जातीला. समोर चेहरा नाही, बाहुलीही नाही, पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करून ठेवून देतो. पण त्याने नंबर सांगायला सुरुवात केली होती. हेडसेट घातला की कागद दिसत नाही, म्हणून मी प्रत्येक आकडा बोटाने गुडघ्यावर लिहीत गेले. दहा आकड्यांना त्याला दोन मिनिटं तरी लागली. सातवर तो बराच अडला. सात येणार हे मला त्या अडलेल्या ‘सा’वरून समजलं होतं, मी बोलले नाही. मग मी माझा सांगितला. हाच नंबर यंत्राने माझ्याकडून घेऊन गावभर वाटला होता. आता तो मी एकेक आकडा करून एका माणसाला दिला. हेडसेट काढल्यावर पळत जाऊन त्याचा नंबर वर्तमानपत्राच्या कडेला उतरवला.

बैठक बुधवारी झाली. चार मिनिटांच्या अहवालाला मला अकरा मिनिटं लागली. तिसऱ्या परिच्छेदाला एका विभागप्रमुखाने फोन काढला आणि खाली बघत बसला. नवीन मुलगी माझ्या शेजारी होती, तिने एकदा पुढचा शब्द पुटपुटला, मी थांबून तिच्याकडे बघितलं, ती लाल झाली. शेवटी दोघांनी प्रश्न विचारले, क्लोरीनच्या प्रमाणाबद्दल, माझ्याबद्दल नव्हे. उत्तरं दिली. खाली बसले तेव्हा मॅडम पुढच्या विषयावर गेल्या होत्या. इतकंच. घरी येऊन मी आठ वाजता झोपले.

रविवारी साडेनऊला सवयीने खुर्ची भिंतीपासून ओढली. हेडसेट कपाटात होता, वायर गुंडाळून. भाच्याने न्यायला येतो म्हटलं होतं, अजून आला नव्हता. मी नंबर लावला. तीन वेळा वाजला आणि उचलला गेला. पलीकडून कुणी बोललं नाही. मलाही बोलता आलं नाही. खोलीत निदान बाहुलीची मान हलायची, त्यावरून कळायचं की समोरचा प्रयत्न करतोय. इथे काहीच नव्हतं, फक्त उघड्या जागेचा आवाज, लांब एक कुत्रं, आणि जवळ कुठेतरी नळाखाली झारी भरत होती. तिचा आवाज चढत चढत बारीक झाला, मग काठावरून पाणी बाहेर पडायला लागलं आणि पडतच राहिलं. तो नळापाशी उभा होता, फोन कानाला लावून, एका शब्दावर अडलेला, आणि नळ बंद करायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. मी फोन ठेवला नाही. त्याने ठेवला नाही. पाणी दगडावर पडत होतं.

“अहो,” मी म्हटलं, “पाणी वा... वाहून चाललंय.”

पलीकडे एक मोठा श्वास सुटला आणि तो हसला. दीड वर्षांत मी त्याचं हसणं यंत्रातून ऐकलं होतं. हे जाड होतं, थोडं म्हातारं.

“थांबा हं,” तो म्हणाला. “नळ बंद करून येतो.”

फोन कुठेतरी दगडावर ठेवल्याचा आवाज आला, मग पावलं ओल्या मातीतून दूर गेली. मी खुर्चीत जरा सैल होऊन बसले आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.